शेरा

पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात
मी तीन नंबरच्या खिडकीत बसायचे, तेव्हाची गोष्ट.
वार गुरुवार, एवढं नक्की,
कारण त्याच्या पिशवीत बाणस्तारीच्या बाजारातलं
मिरचीचं रोप होतं, ओल्या कागदात गुंडाळलेलं.

नाव: बेर्नाबे कार्व्हाल्य.
जन्म: सांजांवच्या आदल्या दिवशी. साल नंतर आठवलं.
सेना—
इथे तो अडला.
"दुसरी," म्हणाला.
"दुसरी म्हणजे? नौदल?"
"दुसरी, बाय. हरली ती."

फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नव्हता.
मी पेनाला टोपण लावलं.

अठरा डिसेंबर, उजाडायच्या आधी.
पुलाला सुरुंग लावून झालेले.
सार्जंट लिस्बनचा, सर्दीने बेजार, सारखा नाक पुसणारा.
हा विशीतला, बंदुकीपेक्षा शिट्टी बरी वाजवणारा.
हुकूम होता: कुणाला कळता कामा नये.
"पण पुलाखाली मावशीची होडी बांधलेली.
सख्खी मावशी नव्हे. मासळीवाली.
लहानपणी मला दोन शेवटे जास्त घालायची."

लघवीला जातो सांगून तो काठ उतरला.
दारं ठोठावली नाहीत, कुत्री उठली असती.
खिडकी-खिडकीशी तोंड नेऊन
हळूच म्हणाला, भरती आली.
मासेमारी करणाऱ्या माणसाला उठवायला
एवढं पुरतं.

सात होड्या वरच्या अंगाला गेल्या.
मग पूल गेला.

"आवाज केवढा झाला असेल," मी म्हटलं.
"आवाज आठवत नाही. मासे आठवतात.
पांढरी पोटं वर करून, नदीभर.
मावशीने त्या सकाळी जाळं टाकलंच नाही,
नुसती टोपली बुडवली."

भारताचे जवान काठावर पोचले,
तेव्हा पूल नव्हता, होड्या होत्या.
त्याच. फेऱ्यांवर फेऱ्या,
कुणाचे बूट हातात, कुणाचा वायरलेस डोक्यावर.
"हे मी पाहिलेलं नाही.
मी पणजीत, हात वर करून उभा.
मावशीने सांगितलं, आणि तिला वाढवून सांगायची खोड.
होड्या पाचसुद्धा असतील."

तीन आठवडे फोंड्याच्या छावणीत बटाटे सोलले.
मग कुणी चष्मेवाला अधिकारी
यादी वाचता वाचता थांबला: अरे, तू तर इथलाच. जा घरी.
बाकीचे पुढे जहाजाने गेले.
"कैदीसुद्धा धड होऊ दिलं नाही, बाय."

तिकडे पेन्शनसाठी लिहिलं होतं त्याने.
उत्तर आलं, छान जाड कागदावर:
सदर इसम त्या रात्री
जागा सोडून गेल्याची नोंद आहे.

बाकावर हवालदार केसरकर, कानावर हात धरून ऐकत होते.
बेर्नाबे त्यांच्याकडे वळला.
"तुम्ही आला होता काय त्या होड्यांतून?"
"मी दमणला होतो," हवालदार म्हणाले.
बऱ्याच वेळाने: "आम्ही चालत गेलो."
आणि बाकावर थोडे सरकले.

मी विचारलं, कार्ड कशाला हवंय या वयात?
"कॅन्टीनात बाटली स्वस्त मिळते म्हणतात."
तो हसला. हवालदारही हसले, उशिरा.

खाली चार ओळींची जागा असते, शेरा म्हणून.
तिथे मी लिहिलं: अर्जदाराने सात होड्या वाचवल्या.
मग सातवर काट मारून: सात किंवा पाच.
सरकारी कागदावर अशी खाडाखोड चालत नाही,
पण ती वाचली असेल कुणी, असं वाटत नाही.
दहा दिवसांत अर्ज परत आला.
सेना अमान्य.

रोप तो खिडकीत विसरला, की ठेवून गेला.
मिरच्या आल्या, बेताच्या तिखट.
पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं, घेऊन जा म्हणून.
आला नाही.

फोंड्याला घरी जाताना
नव्या पुलाशी बस जरा हळू होते.
ओहोटीला जुन्या खांबाचं बूड दिसतं म्हणतात,
मला अजून दिसलेलं नाही.
कंडक्टर ओरडतो, बाणस्तारी, बाणस्तारी,
सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने,
आणि कुणी उठत नाही.